परत आणणारी गाडी

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सव्वाआठला एर्लांगेनमधून ही मोहीम निघाली, ती गाड्यांची परीक्षा घ्यायला. परीक्षेला गाड्या दोन बसल्या होत्या आणि पास एकच होणार होती. फिष्टलगेबिर्गे नावाच्या डोंगररांगेतला एक अरुंद घाटरस्ता, वरचं जंगल आणि त्याच्याही वर ग्रॅनाइटच्या शिळांचं शिखर, असा पेपर लतिकाने काढला होता. दुपारी दोनपर्यंत खाली, चारला घरी आणि रविवारी निकाल!

लतिका कामाने तपासनीस. वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती यंत्रं मुद्दाम बिघडवून बघायची. वीज गेली तर काय होईल, वायर तुटली तर काय होईल, नर्सने भलतंच बटण दाबलं तर काय होईल, यावर तिचा पगार चालायचा. असली बाई गाडी निवडायला निघाली की काय होणार? तिने एक्सेलची शीट केली, तिच्यात बेचाळीस रकाने घातले आणि महिनाभर नवऱ्याचं डोकं उठवलं.

पण ही उठाठेव उगाच नव्हती. एर्लांगेनच्या मराठी घरांत दर वर्षी कुणाचे ना कुणाचे आईवडील तीन महिन्यांसाठी येतात. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि ही माणसं चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खालच्या सायकली बघत बसतात. त्यांच्यासाठी लतिकाने रविवारच्या सहली सुरू केल्या. रिजनल ट्रेन, पुढे बस, पुढे जंगलातली सोपी वाट. दीड वर्ष झकास चाललं. मग मार्चमधल्या एका रविवारी परतीची शेवटची बस आलीच नाही. सात म्हातारी माणसं उघड्या थांब्यावर पावसात दोन तास उभी राहिली. त्यातल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आत्मारामकाकांना न्यूमोनिया झाला आणि ते नऊ दिवस हॉस्पिटलात होते. काका बरे झाले. पण त्यांच्या मुलीने, विभावरीने, ग्रुपवर एकच ओळ लिहिली, की आमचे बाबा आता तुमच्याबरोबर कुठेही येणार नाहीत. त्या ओळीखाली कुणीच काही लिहिलं नाही आणि सहली बंद पडल्या.

ती ओळ लतिकाला पाठ झाली होती. तिला त्या माणसांना पुन्हा रानात न्यायचं होतं आणि त्यासाठी स्वतःची गाडी हवी होती. काहीही होवो, नेलेल्या माणसाला परत आणेल अशी गाडी! तशी सापडली नाही तर सहलींचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पहिली उमेदवार काळी. उंच, रुबाबदार, इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी, सगळ्या बाजूंना कॅमेरे लावलेली. लतिकाचा नवरा सिद्धेश तिच्यावर पहिल्या भेटीतच लट्टू झाला होता. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानदाराने ती दोन दिवस चालवून बघायला दिली होती आणि सिद्धेशच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा नव्हतं एवढं तेज आलं होतं.

दुसरी पांढरी. अकरा वर्षांची, उंच टपाची, बुटक्या तळाची डबागाडी. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, मागे सपाट जागा, आणि मागच्या काचेचा वायपर दोन वर्षांपूर्वी स्वर्गवासी झालेला. ही यशपालची. यशपाल ड्रेस्डेनला सेमीकंडक्टरवर पीएच.डी. करत होता, जूनमध्ये प्रबंध देऊन पुण्याला परतणार होता आणि जाण्याआधी गाडी ओळखीच्या घरी द्यावी असं त्याच्या मनात होतं. तो शुक्रवारीच येऊन लतिकाच्या सोफ्यावर झोपला होता.

आणि चौथं माणूस म्हणजे गयाबाई. सिद्धेशची आई, लतिकाची सासू. परतवाडा आगारात बावीस वर्षं एसटीची कंडक्टर. मेळघाटातून सेमाडोहमार्गे धारणीला जाणारी गाडी तिने उन्हापावसात सांभाळली होती. स्टिअरिंगला आयुष्यात हात लावला नव्हता, आणि म्हणूनच गाडीच्या बाबतीत तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. ते तिने न विचारताच दिलं. निघण्यापूर्वी पार्किंगमध्ये ती दोन्ही गाड्यांच्या एकेका सीटवर बसली, एकेका दारातून उतरली आणि शेवटी पांढरीच्या मागच्या जागेत चक्क आडवी झाली. सिद्धेश म्हणाला, "आई, गाडी घ्यायचीय, पलंग नाही."

गयाबाई कपडे झटकत उठली. तिचं म्हणणं असं, की ड्रायव्हर रस्ता बघतो आणि कंडक्टर माणसं बघतो. काळीत चढायला उडी मारावी लागते, उतरायलाही उडी, आणि मागचं छप्पर एवढं उतरतं की माणूस आजारी पडला तर त्याला दुमडून ठेवावं लागेल. सगळे हसले. लतिकाही हसली, कारण बेचाळीस रकान्यांत आडवं झोपवण्याचा रकाना नव्हता.

आता टायरची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं रामायण सगळं त्यावरच झालं. आपल्याकडे टायर म्हणजे टायर. त्याला ऋतू नसतो. जर्मनीत आल्यावर आपण पहिल्यांदा ऐकतो, की ऑक्टोबर ते इस्टर बर्फ धरणारे हिवाळी टायर आणि इस्टरनंतर उन्हाळी. परक्या देशात आलेला माणूस देश असा नियमा-नियमाने शिकतो आणि नियम पाळला की निर्धास्त होतो. इस्टर होऊन तीन आठवडे झाले होते. दुकानदाराने रीतीप्रमाणे काळीला कोरे, रुंद, उन्हाळी टायर चढवले होते आणि लतिकाने त्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले होते. यशपाल मात्र आळशी. वर्षातून दोनदा चाकं कोण बदलणार, म्हणून त्याने बाराही महिने चालणारे, हिमकणाची खूण असलेले टायर बसवून टाकले होते. त्याबद्दल लतिकाने पांढरीचे दोन गुण कापले. बर्फ संध्याकाळी सहानंतर, तोही वरच्या भागात पडेल असा हवामानाचा अंदाज होता, आणि संध्याकाळी सहाला ही मंडळी घरी पिठलं खात असणार होती.

घाट पाच किलोमीटरचा. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला स्प्रूसच्या झाडांनी भरलेला उतार, आणि मधे दोन गाड्या समोरासमोर आल्या तर अडतील एवढी डांबराची पट्टी. काळी नऊ मिनिटांत वर पोचली. सिद्धेश वळणं अशी घेत होता की शेजारी बसलेली लतिका मनातल्या मनात गुण देत सुटली. पांढरीने पंधरा मिनिटं घेतली आणि सगळी चढण दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत काढली. वरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये यशपालने खजील होऊन बोनेट थोपटलं. चढण, वेग, आराम, आवाज, सगळ्यात काळी पुढे! रस्ता सोडायची वेळ आली तेव्हा शीटमध्ये काळीचे सत्तर आणि पांढरीचे एकावन्न झाले होते.

तिथून पुढे पायी. फोनला नेटवर्क नव्हतं. जर्मनीच्या रानात असे आंधळे पट्टे जागोजागी असतात, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. वाट सुंदर होती. मऊ, काळपट माती, दोन्ही बाजूंना ब्लूबेरीची झुडपं, आणि उंच खोडांच्या मधून खाली दिसणारी गावं, लाल छपरांची, एका चर्चभोवती गोळा झालेली. गयाबाई सलवार-कुडत्यावर सिद्धेशचं जाकीट चढवून सगळ्यांच्या मागे चालत होती. प्रत्येक वळणावर ती पुढची डोकी मोजायची. बावीस वर्षांची सवय, ती काय निवृत्त होते?

साडेअकराला पहिला बर्फ पडला. अंदाजापेक्षा साडेसहा तास आधी! गयाबाईने जन्मात पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला आणि लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढली. यशपालने तिचा व्हिडिओ काढला. पाच मिनिटं मोठी मजेची गेली. मग वारा सुटला, खालची गावं दिसेनाशी झाली आणि शिळा पांढऱ्या व्हायला लागल्या. शिखर वाटेने चारशे मीटर उरलं होतं. दगडांचा मनोरा ढगाच्या फटीतून मधेच दिसत होता.

यशपालने एका शिळेवरून दुसरीवर पाय टाकला. बर्फाखाली शेवाळ होतं. पाय सटकला, दोन दगडांच्या खाचेत गेला आणि अंग पुढे गेलं. काडकन आवाज आला. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

लतिकाने बूट सैल केला. घोटा वाकडा दिसत होता आणि बघता बघता सुजत होता. यशपालने दात आवळून शहाणपणा केला. म्हणाला, ताई, मी बसतो इथे वीस मिनिटं, तुम्ही टोकाला हात लावून या. सिद्धेशलाही वाटलं, की वर गेलं तर कदाचित नेटवर्क लागेल. लतिकाने वर एकदा बघितलं. चारशे मीटर! महिनाभर नकाशावर बोट फिरवून निवडलेलं शिखर! तिला मनापासून वाईट वाटलं. पण शिळा आता काचेसारख्या झाल्या होत्या, दुसरा पाय मोडला तर कुणाला कोण उचलणार होतं?

"परत फिरायचं," ती म्हणाली. "चौघं एकत्र, आत्ताच."

दोन चालण्याच्या काठ्या आणि गयाबाईची शाल, यांनी पाय बांधला. सिद्धेशने एक खांदा दिला, लतिकाने दुसरा. गयाबाई चारही पिशव्या घेऊन पुढे झाली आणि जिथे दगड निसरडा तिथे उभी राहून हाताने दाखवत गेली. वर यायला पन्नास मिनिटं लागली होती, खाली जायला अडीच तास लागले. पार्किंगमध्ये पोचले तेव्हा घोटाभर बर्फ साचला होता आणि यशपालचे दात वाजत होते. लतिकाने त्याचा मोजा काढून अंगठ्याला टाचणी लावली. त्याला कळलंच नाही. बोटं गार आणि निळसर पडली होती. ती घाबरली, खरंच घाबरली. पायातला रक्तप्रवाह अडला होता आणि आता प्रत्येक तास त्या पायावर जाणार होता. नेटवर्क खालच्या गावात, पाच किलोमीटरवर.

सिद्धेशने काळीचं मागचं दार उघडलं, कारण ती लवकर गरम व्हायची, मजबूत होती. दोघांनी यशपालला उचललं. तळ कमरेएवढा उंच, दार अरुंद, आत पाय सरळ राहीना. दुसऱ्या प्रयत्नात पाय दाराला लागला आणि इतका वेळ गप्प असलेला पोरगा किंचाळला. गयाबाईने जाऊन पांढरीचा सरकता दरवाजा ओढला, मागच्या सीटा पाडल्या, चटया अंथरल्या. बुटक्या तळावर यशपालला नुसतं बसवलं आणि मागे सरकवलं. अर्ध्या मिनिटात तो पाय लांब करून आडवा होता. सिद्धेशने सकाळचं बोलणं आठवून मान खाली घातली.

पांढरी लतिका चालवणार होती. तिचं जर्मन लायसन्स हाताने गिअर टाकायच्या गाडीवरचं होतं. काळी मागे ठेवून जाऊ, असं तिने सुचवलं. सिद्धेशला ते पटेना. दुकानदाराची गाडी, आणि शिवाय चारही चाकं फिरतात, मीच पुढे जाऊन तुला बर्फात वाट करून देतो, असं त्याचं म्हणणं. लतिकालाही त्यात चूक दिसली नाही. चढताना ज्या गाडीने सत्तर गुण घेतले तिच्यावर शंका कोण घेणार?

पहिलं वळण नीट गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्यावर उतार तीव्र होता. लतिकाला पुढच्या गाडीचे लाल दिवे लागलेले दिसले. दिवे लागले, आणि काळी थांबलीच नाही! चारही चाकं बर्फाला धरत नव्हती आणि गाडी तशीच, आवाज न करता, घसरत चालली होती. शेपूट बाहेर फिरली. नाक आत वळलं. दोन टनांची ती गाडी दरडीच्या बाजूच्या चरात धप्पकन शिरली आणि रस्त्यात तिरकी अडकली.

लतिकाने ब्रेक हलकेच दाबला. पांढरी थोडी सरकली, टायरने बर्फ पकडला आणि ती उभी राहिली.

सिद्धेश दार उघडून बाहेर आला. त्याला खरचटलंही नव्हतं. म्हणत होता, मी ब्रेक दाबला होता गं, मी पूर्ण दाबला होता. लतिकाने त्याला एकदा घट्ट धरलं आणि सोडलं. वेळ नव्हता. पायी खाली जायला तास, मदत वर यायला आणखी तास, आणि गाडीत तो निळा पडलेला पाय.

एवढ्यात गयाबाई उतरली होती. तिने उरलेली एक चालण्याची काठी घेऊन आधी पांढरीची रुंदी मोजली, मग काळीच्या शेपटीपासून डांबराच्या काठापर्यंतची जागा मोजली. गाडी दीड काठी आणि चार बोटं. वाट पावणेदोन काठ्या. जाईल, ती म्हणाली, पण सरळ आली तर. आत्ता पांढरी वळणात तिरकी उभी होती. तिला वीसेक पावलं मागे, चढावर, रस्ता जरा रुंद होता तिथवर न्यायला हवं होतं आणि तिथून काठाकाठाने सरळ आणायला हवं होतं.

मागे नेणार कशी? मागची काच बर्फाने लिंपलेली, वायपर मेलेला. पुसलेली काच मिनिटात पुन्हा पांढरी होत होती. बाजूच्या आरशात काठ दिसत नव्हता.

गयाबाई खिडकीशी आली. तिचा आवाज बदलला होता. घरातली सासू कुठेतरी गेली होती आणि मेळघाटातली कंडक्टर येऊन उभी राहिली होती.

"पोरी, मी मांगं रायतो. गाडीवर थाप मारत रायतो. थाप चालू हाय तवर येत राय. थाप थांबली का तू थांब. मंग मी काही बोलो का ना बोलो, इचारू नको."

लतिकाने विचारलं, "थांबायचं तेव्हाच जोरात मारा ना, आई. उलट का?"

"अन् मीच पडलो तर? मारन कोन?"

लतिकाच्या कंपनीत प्रत्येक यंत्राची पहिली चाचणी हीच असायची. इशारा तुटला तर यंत्राने चालू राहायचं नाही, थांबायचं! पंधरा पानांच्या अहवालात ती जे लिहायची, ते ही बाई धुक्यातल्या घाटात रोज तळहाताने करत आली होती. सिद्धेशला तिने खाली, काळीच्या कडेला, पुढचं चाक बघायला उभं केलं. काच खाली केली, हीटरचा पंखा बंद केला आणि रिव्हर्स टाकला.

थप. थप. थप. थप.

क्लच सुटत गेला. पांढरी मागे सरकायला लागली. मागच्या पत्र्यावर थापा संथ पडत होत्या. डावीकडे थोडं, असं गयाबाई ओरडली ते वाऱ्यात अर्धंच ऐकू आलं, पण थाप स्वच्छ ऐकू येत होती. पाच पावलं. आठ पावलं. चाक जरा फिरलं, पुन्हा पकडलं. बारा पावलं. यशपाल मागे डोळे मिटून पडला होता आणि त्याचे ओठ थापांबरोबर हलत होते.

थप. थप. थप.

आणि मग काहीच नाही.

लतिकाचा पाय ब्रेकवर गेला. तिने विचार केला नाही, आरशात पाहिलं नाही. पाय गेला, बस्स! पांढरी उतारावर होती, खाली सिद्धेश उभा होता, त्याच्या मागे उघडा काठ. ती घसरली असती तर त्याला घेऊनच गेली असती. एक श्वास गेला. दुसरा गेला. पांढरी जागची हलली नाही. लतिकाने हँडब्रेक खेचला, गिअर अडकवला आणि बाहेर धावली.

गयाबाई रस्त्यावर पालथी पडली होती. चढावरून पाय सुटून ती घसरत थेट गाडीखाली आली होती. तिचं डोकं मागच्या चाकापासून एका हातावर होतं. एक हात अजून वर होता, पत्र्याला टेकायला निघालेला आणि न पोचलेला.

लतिकाने तिला काखेत हात घालून ओढलं आणि बर्फातच मिठी मारली. तिला रडू फुटलं. गयाबाईने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, गुडघा चाचपून पाहिला आणि खोकत म्हणाली, की थांबली ना गाडी, मग रडतेस काय, बस जाऊन. आठ पावलं उरली होती. लतिका म्हणाली, आता तुम्ही आत बसा. गयाबाईने साफ नकार दिला. फक्त या वेळी मघाची ती काठी तिने बर्फात रोवायला डाव्या हातात घेतली आणि उजव्याने पुन्हा पत्रा धरला.

थप. थप. थप. थप. आठ पावलं झाली. गाडी सरळ झाली.

आता पुढे. आरसे दुमडले. गयाबाई मागून चालत होती, तिचा हात पत्र्यावर. सिद्धेश समोर उलटा चालत होता, डोळे बाहेरच्या चाकावर. काळीची शेपूट खिडकीबाहेरून इतकी जवळून गेली की लतिकाला तिच्यावरचे थेंब मोजता आले असते. उजवीकडे डांबर संपलं. चाकाच्या बाहेर वीतभर काठ उरला, मग चार बोटं. लतिकाने तिकडे बघायचं सोडून दिलं. तिने कान पत्र्याला लावल्यासारखा फक्त तो हात ऐकला. थप. थप. सिद्धेशने दोन्ही हात वर केले. पांढरी पार झाली होती!

पुढचे तीन किलोमीटर पांढरी पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत उतरली. सकाळी त्याच कुरकुरीचे लतिकाने गुण कापले होते. आता तो आवाज तिला गोड लागत होता. चर्चपाशी चौघांचे फोन एकदम वाजले. बारा मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. तरुण डॉक्टरने पायाला हात लावला, घड्याळ पाहिलं आणि तिथेच, गाडीतच, घोटा ओढून सरळ केला. अंगठा हळूहळू गुलाबी झाला. आणखी दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं, एवढंच तो म्हणाला. संध्याकाळी ऑपरेशन झालं आणि यशपाल सहा आठवड्यांत चालेल असं ठरलं. प्रबंधाची तारीख पुढे जाईल, म्हणून तो खूशच होता.

काळी रविवारी क्रेनने ओढून काढली. बंपरला पोचा सोडला तर तिचं काही बिघडलं नव्हतं. सिद्धेशने ती दुकानदाराला कबुली देऊन परत केली. घरी आल्यावर तो म्हणाला, की योग्य टायर असते तर तीही उतरली असती. लतिकाने ते मान्य केलं. गाडीत खोट नव्हतीच, खोट शीटमध्ये होती. बेचाळीस रकाने होते आणि सगळे वर जाण्याचे. थांबण्याचा एक नाही, माणूस आडवा करण्याचा एक नाही, परत येण्याचा एकही नाही! सिद्धेशने कप खाली ठेवला आणि स्वतःच फोन उचलून यशपालला सांगितलं, की पांढरी आमची. फक्त वायपर दुरुस्त करून घेऊ.

गाडी आली. पण सहलीला माणसं कुठे होती? लतिकाने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी नऊला, ती एकटीच विभावरीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत्मारामकाकांचं परतीचं विमान एकवीस मेला होतं. मार्चपासून ते त्याच एका खिडकीत बसून होते.

विभावरीने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. डोंगरावरची हकिकत तिच्या कानावर आली होती. आली नसती तरच नवल. एर्लांगेनमधल्या मराठी लोकांत बातमी बसपेक्षा लवकर पोचते. लतिकाने पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. गाडी कोणती, टायर कोणते, आत किती माणसं झोपू शकतात. विभावरीने हाताची घडी घालून ऐकून घेतलं. त्यातल्या एकाही गोष्टीने तिचा चेहरा हलला नाही.

"तुम्ही वर पोचलात का?" तिने मधेच विचारलं.

लतिकाला प्रश्न कळला नाही. "कुठे?"

"त्या शिखरावर. किती राहिलं होतं?"

"चारशे मीटर," लतिका म्हणाली. "दिसत होतं समोर. पण नाही पोचलो. परत फिरलो."

विभावरीने हाताची घडी सोडली. मग ती वळली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, बूट घाला."